झोजिलाचा बर्फ

पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी तीन वर्षांपूर्वी काश्मीर-लडाखमधल्या झोजिला खिंडीत भारत-पाकिस्तान युद्धात झालेल्या लढाईचा, छोट्या प्रतिकृतींचा देखावा तयार करून दिला होता. गेल्या ऑगस्टमध्ये तिथून फोन आला, "तुमचा बर्फ पिवळा पडला आहे." देखाव्यातला दिवस १ नोव्हेंबर १९४८ चा आहे. तोफेचे फिरते बुरूज प्रवासापुरते उतरवून गुपचूप काश्मीरमध्ये आणलेले, भारतीय लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरी या रणगाडा-तुकडीचे स्टुअर्ट रणगाडे त्या दिवशी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत शत्रूवर चालून गेले. प्रमाण १:३५, म्हणजे हातभर बर्फ दाखवायचा तर थर जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा होतो आणि एक मिलिमीटरची गुठळीसुद्धा मोठ्या गारेएवढी दिसते.

काचेची पेटी उघडताच लक्षात आले की वरचा थर माझा नव्हता. मी सूक्ष्म पोकळ काचगोळ्यांची पूड अ‍ॅक्रिलिक माध्यमात कालवून बर्फ करतो. ही पूड फुप्फुसात जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावूनच काम करावे लागते. आधी जमिनीला पांढरा रंग देतो, कारण तपकिरी मातीवरचा पातळ थर राखाडी दिसतो. खोलगट भागांत निळसर छटा उतरवतो आणि शेवटचा हात चहाच्या गाळणीतून, सरळ वरून देतो. बर्फ वरून पडतो, म्हणून उभे कातळ उघडे राहिले पाहिजेत. इथे मात्र उभ्या कातळालाही पांढरी पूड चिकटलेली होती.

चौकशी केल्यावर कळले की पाहुणे येणार म्हणून "जरा जास्त पांढरे दिसावे" या हेतूने कोणीतरी खाण्याचा सोडा आणि पांढरा गोंद वापरला होता. पावसाळी हवेत सोड्याने ओल धरली, गुठळ्या झाल्या आणि गोंदासकट सगळे पिवळे पडले. मला न विचारता हे केले, याचा राग अजून गेलेला नाही.

सोडा विरघळवायला व्हिनेगर सुचेल, पण त्याने फसफसून सुटणारे बुडबुडे खालचा थर उचलून धरतात. म्हणून मागच्या कोपऱ्यात चाचणी घेऊन मी ऊर्ध्वपातित पाणी आणि कापसाचे बोळे घेतले. नऊ तास लागले. बर्फ वाचला, पण एका रणगाड्यामागची, त्याच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांची (ट्रॅकची) खूण मऊ पडून पुसली गेली. ती खूण मी थर अर्धवट वाळलेला असताना प्रतिकृतीचेच पट्टे दाबून उठवली होती, आणि आता घट्ट झालेल्या थरात तशी उठत नाही.

त्यावर ताजा बर्फ भुरभुरवून खूण झाकता येईल, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सुचवले. पण रणगाड्यामागे ताजा बर्फ पडला असेल, तर तो रणगाड्यावरही पडलेला दिसला पाहिजे. स्टुअर्टची दोन कॅडिलॅक इंजिने मागच्या बाजूला असतात, चालत्या गाडीच्या त्या उष्ण झाकणावर बर्फ टिकणार नाही, तो पुढच्या भागावर आणि बुरुजावर राहील. म्हणजे एक खूण झाकण्यासाठी पूर्ण देखाव्याचे हवामान बदलावे लागेल. दुसरा मार्ग म्हणजे बर्फाचा तेवढा तुकडा कापून नवा ओला थर भरणे, पण त्याची कड कुठे लपवायची ते अजून सुचलेले नाही. मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले आहेत.