सील न तोडलेले दोन संच

वय 19, लग्नाला चौदा महिने. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तीच तक्रार: अंगावरून पांढरं जातंय. प्रश्न मी तिला विचारत होते, उत्तरं सासूबाई देत होत्या. त्यांना बीपी-शुगर तपासायला शेजारच्या खोलीत धाडलं (आमची जुनी युक्ती) आणि दार लोटलं. आमचं मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीनांचं आरोग्य-सल्ला केंद्र, 10 ते 19 वयासाठी असतं, पण कुंकू दिसलं की त्या वयाचा आम्हालाही विसर पडतो.

पांढरं जाणं दर वेळी आजार नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचा स्राव येतोच. हिचा पिवळसर होता. डॉक्टर मॅडमनी स्पेक्युलम (आतून तपासायचं साधन) लावून पाहिलं, गर्भाशयाच्या तोंडाशी पू होता. ओटीपोट दाबल्यावर दुखलं नाही, हे नशीब. आमचे औषधांचे संच रंगांवरून ओळखतात. संसर्ग वर सरकला असता तर पिवळा संच, म्हणजे चौदा दिवसांच्या गोळ्या. तिला राखाडी संच पुरेसा होता: अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, एकदाच. नवऱ्यालाही तेच, आणि सात दिवस संबंध नाही. आधीच्या दोन्ही खेपांना हेच दिलं होतं.

तिनं पर्समधून नवऱ्याचे दोन्ही संच काढून टेबलावर ठेवले. सील तसंच.

"गोळ्या पुढं केल्या तर विचारतील ना, हे कुठून आणलंस?"

लघवीची जळजळ आधी त्याला सुरू झाली होती. मेडिकलमधून त्यानं दोन दिवसांच्या गोळ्या परस्पर आणल्या, जळजळ थांबली, विषय संपला. केसपेपर मात्र हिच्या नावाचा निघाला, म्हणून आजारही हिचाच ठरला. आणि चांगल्या घरची सून सात दिवस 'नको' म्हणत नाही. ती स्वतःच्या गोळ्या घेऊन बरी व्हायची, त्याच्याकडून पुन्हा लागण व्हायची.

चूक आमची होती. जी सासूसमोर तोंड उघडू शकत नाही, तिच्याच हाती आम्ही नवऱ्याचं औषध देत होतो.

तिला विचारूनच त्याला फोन केला: "दोघांची तपासणी बाकी आहे." आजाराचं नावही काढलं नाही. आला. दोघांचं रक्त एचआयव्ही आणि सिफिलिससाठी घेतलं, गोळ्या त्यानं माझ्यासमोर गिळल्या. सात दिवसांचं पथ्य त्यालाच समजावलं आणि निरोधची पाकिटं त्याच्याच खिशात दिली. तिच्या पिशवीत सापडली असती तर आणखी एक चौकशी लागली असती.

आठव्या दिवशी ती आली, स्राव थांबला होता. सासूबाई सोबत होत्याच. "आता तरी गोड बातमी देईल ना ही?" त्यांनी मला विचारलं.