झाडाखालची सहा तासं आणि हवा चौदा

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घेऊन लातूरला आडतीवर गेलो, आडत्यानं मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि म्हणला, मालक, हिरवा लै दिसतोय की. मशीन लावली तर हवा, म्हणजे दाण्यातली ओल, चौदा टक्के. आमच्याकडं भाव निघतो 10 टक्के हवा, 2 टक्के माती, 2 टक्के डागी दाण्यावर, म्हणजे कटती, भावात कपात, आलीच.

पाऊस उघडून तर पंधरा दिवस झालेले, मग हे आलं कुठून? डोक्याला ताण दिला तेव्हा पेटली. पश्चिमेच्या बांधावर अण्णांनी लावलेले कडूलिंब आणि सुबाभूळ, दुपारी तीननंतर त्यांची सावली रानात येते, त्याखालची पाच-सहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, काढणीच्या दिवशीपण हिरवी पानं धरून उभी होती आणि बाकी रान पार वाळून शेंगा खुळखुळत होत्या, पण गडी गुत्त्यानं, ठेका देऊन, घेतलेले, सगळं एकाच दिवशी कापलं आणि एकाच बनमीत, ढिगात, टाकलं. चूक झाडाची नाही, आपलीच.

ब्राझीलमधे हे सोयाबीन-जनावरं-झाडं एकत्र मुद्दाम करतात, एम्ब्रापा ही तिथली सरकारी संशोधन संस्था त्याच्या मागं आहे, 2013 ला त्यासाठी कायदाच झाला. निलगिरीच्या ओळी, मधे लांबरुंद पट्टा सोयाबीनला, नंतर तिथंच ब्रॅकियारिया गवत आणि त्यावर गुरं. सपाट जमिनीवर ओळी शक्यतो पूर्व-पश्चिम, म्हणजे सूर्य ओळीच्या अंगानंच फिरतो, सावली पिकावर कमी पडते. आणि झाडं मोठी झाली की पट्ट्यात सोयाबीन बंद, फक्त गवत, कारण दाणा भरायच्या टायमाला ऊन कमी पडलं की शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो. सावलीतल्या दाण्यात तेल घटून प्रोटीन वाढलेलं पण असू शकतं, तेल आणि प्रोटीन सहसा उलटंच चालतात, पण आडतीवर प्रोटीन बघतंय कोण! कच्च्या दाण्याचं तेल मात्र हिरवट निघतं, मिलवाल्याला ते साफ करायचा खर्च, म्हणून तो नाक मुरडतो.

शेजारी म्हणले झाडं तोडा. अण्णांपुढं हे बोलायची माझी टाप नाही, आणि आईला दुपारी टेकायला तीच जागा लागते. यंदा सुबाभळीच्या फांद्या पेरणीआधी छाटल्या, शेळ्यांनी दोन दिवसात फस्त केल्या. त्या सहा तासात सोयाबीन नाहीच, कडवळ टाकलंय म्हशींना, त्यात दाणा भरायची वाटच बघायची नाही.