तुम्ही विचारलंत म्हणून: भिरंडीचा अर्क बायोफिल्म रोखतो का?

मायक्रोबायॉलॉजीच्या प्रोजेक्टला विषय शोधणारी गोव्यातली मुलं हमखास विचारतात: भिरंडीच्या (म्हणजे कोकमाच्या) अर्कानं जिवाणूंचा बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म, खरंच रोखली जाते का? रोखली जाऊ शकते. सालीत गार्सिनॉलसारखे जिवाणूंना नडणारे पदार्थ आहेत. पण प्लेटमध्ये थर कमी दिसला की लगेच अर्काची पाठ थोपटू नका. आधी आंबटपणाची झडती घ्या.

बाजारातली सोलां (वाळवलेल्या साली) नि आगळ (कोकमाचा रस) नकोत, त्यांत बहुधा मीठ असतं. ताजी भिरंडं फोडून बिया काढा, साली ४० अंशांवर वाळवून पूड करा. १० ग्रॅम पूड १०० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये शेकरवर २४ तास ठेवा, गाळा, ४० अंशांवर द्रावक उडवा. उरतो तो काकवीसारखा चिकट अर्क. तो हवेतला ओलावा ओढतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. वजन लगेच करा, बाटली घट्ट लावा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलात तर शेवटच्या मिश्रणात त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवा आणि प्रयोगाच्या प्लेटमध्ये तेवढाच नुसता डीएमएसओ घातलेले खळगेही लावा.

आता आंबटपणा. भिरंडीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर. नुसत्या आम्लानंही जिवाणूंची वाढ खुंटते, मग थर कुठून येणार? म्हणून अर्काचा एक भाग सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ७ वर आणा. लाल रंग जांभळट, मळकट होईल. सालीतली लाल रंगद्रव्यं, म्हणजे अँथोसायनिन, पीएचप्रमाणे रंग बदलतात आणि उदासीन द्रावणात टिकतही नाहीत. दुसरा भाग तसाच ठेवून त्याच्याशेजारी त्याच पीएचचं सायट्रिक आम्ल लावा. दोघांचा निकाल सारखाच आला, तर तुम्ही लिंबू पिळूनही तेच सिद्ध केलं असतं.

वाढ थांबवणारी किमान मात्रा आधी काढा आणि थराची चाचणी तिच्या निम्म्या नि पाव मात्रेवर करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणू नि अर्काचं मिश्रण प्रत्येकी २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर २४ तास. कडेच्या खळग्यांत नुसतं पाणी भरा, तिथलं द्रावण आधी आटतं. रंगवण्यापूर्वी ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात द्रावणाचा गढूळपणा, म्हणजे वाढ, मोजा. हे वाचन नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग तीनदा हलक्या हातानं धुवा. पिपेटची धार तळावर पडली की थर सुटतो आणि अर्क भलताच गुणी ठरतो. थराला चढणारा जांभळा रंग, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट, १५ मिनिटं, पुन्हा धुणं, ३० टक्के ॲसेटिक आम्लात रंग सोडवणं, ५९० नॅनोमीटरवर वाचन.

जिवाणूंविना नुसत्या अर्काचे खळगेही रंगवा, कारण सालीतले चिकट घटक प्लास्टिकला धरून राहतात आणि रंग पितात.

अर्क २४ तासांनी, तयार थरावर घातलात तर तो वेगळा प्रयोग. बसू न देणं सोपं, बसलेलं उखडणं कठीण. दोन्ही आकडे एका तक्त्यात मिसळू नका. आणि हे वाचून दातांवरच्या थरासाठी आगळाच्या गुळण्या कुणी सुरू करू नयेत. आम्लानं दातांचं आवरण झिजतं.