खुबा बदलायच्या ऑपरेशननंतर १४ आठवड्यांनी पुन्हा रस्त्यावर : पहिली २२ किलोमीटरची राईड

पहाटे साडेपाचला निघालो. निघालो म्हणजे आधी सायकल डावीकडे जवळजवळ आडवी होईल इतकी झुकवली, उजवा पाय हळूच फ्रेमपलीकडे ठेवला, मग दोन्ही पाय जमिनीवर घेऊन सायकल सरळ केली. मागून टांग टाकायची इतक्या वर्षांची सवय, पण उजव्या खुब्यात आता धातूची वाटी आणि सिरॅमिकचा गोळा आहे, त्यामुळे टांग सध्या बंद.

कालव्याकडेचा सपाट रस्ता मुद्दाम निवडला होता. पहिले दोन किलोमीटर सगळं लक्ष उजव्या पायाकडेच, पेडल वर आलं की जांघेत ओढ बसतेय का, मागे काही टोचतंय का... काहीच नाही!! ऑपरेशनआधी वर्षभर प्रत्येक फेरीला तिथेच कळ यायची, ती आता नाहीये हे पायाला पटायलाच वेळ लागला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. मग सहा आठवडे खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही (माझं ऑपरेशन खुब्याच्या मागच्या बाजूने केलंय, पुढून केलेल्यांचे नियम वेगळे असतात). त्यानंतर घरात स्टॅटिक सायकल, सीट उंच करून. पहिल्या दिवशी फेरीच पूर्ण होईना, पेडल वर जाऊन अडायचं. फिजिओ मॅडम म्हणाल्या आधी उलटं फिरवा. मग अर्धं जाऊन परत, अर्धं जाऊन परत असं करत चौथ्या दिवशी पेडल वरून पलीकडे गेलं आणि मी ओरडून बायकोला बोलावलं, ती तशीच ओल्या हातांनी धावत आली.

खरा घाम मात्र गादीवर गाळला, डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय वर उचलायचा. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू कमजोर राहिला तर चालताना कंबर एकीकडे पडते, आणि नुसत्या सायकलिंगने तो स्नायू फारसा तयार होत नाही, सायकलवाल्यांनो हे व्यायाम कंटाळा आला तरी सोडू नका.

सायकलमध्येही बदल केलेत. क्रँक (पेडलचे दांडे) १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरचे, म्हणजे गुडघा वर कमी येतो आणि खुबा कमी दुमडतो, हँडल उंच आणि क्लीटऐवजी (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) साधे पेडल, कारण क्लीट सोडवताना टाच बाहेर फिरवली की मांडी आत वळते.

आठव्या किलोमीटरला एक कुत्रा अचानक आडवा आला. ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकला, छाती धडधडत होती. मला पेडल मारायची भीती नाही, पडायची आहे, कारण मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याभोवती हाड मोडलं तर पुन्हा मोठं ऑपरेशन. दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो, पाणी प्यायलो, मग हलका गिअर टाकून निघालो.

परतताना वारा समोरून होता, तरी थांबलो नाही. घरी पोचल्यावर सायकल परत तशीच झुकवली आणि पाय बाहेर काढला. बायको दारातच उभी होती, म्हणाली चालून दाखव. चाललो. कंबर सरळ होती.