सॅच्युरेशन नव्वद

आयसीयूमध्ये संशोधनासाठी संमती मागायला जाणं हे काम आमच्याकडे कुणी आनंदाने अंगावर घेत नाही. रुग्ण बेशुद्ध, त्यामुळे सही नातेवाइकांची. ते बिचारे नुकतेच व्हेंटिलेटरच्या कागदावर सही करून टेकलेले असतात. त्यांच्यापुढे आणखी एक जाडजूड कागद ठेवायचा आणि सांगायचं, की दोन पद्धतींपैकी तुमच्या माणसाला कोणती मिळणार हे आम्ही ठरवणार नाही, संगणक ठरवेल. तेही घाईघाईत, कारण व्हेंटिलेटर लावल्यापासून ठरावीक तास उलटले की त्या रुग्णाला चाचणीत घेताच येत नाही.

त्या रात्री ड्यूटी माझी होती आणि चाचणी ऑक्सिजनची. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवावं, की ९६ च्या वर? प्रश्न एवढाच. बाहेरच्या माणसाला तो प्रश्नच वाटत नाही. श्वास लागलेल्या माणसाला ऑक्सिजन जितका जास्त तितका बरा, यात विचारायचं काय?

रुग्ण पन्नाशीचा गृहस्थ. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, एक्स-रे पांढराफटक, संध्याकाळी नळी घालावी लागली होती. बाहेर त्यांच्या पत्नी आणि धाकटा भाऊ. भाऊ फोनवर कुणाकुणाला कळवण्यात गुंतलेला, पत्नी मात्र सरळ माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "ताई, यांच्यावरचे सगळे उपचार चालूच राहणार आहेत. फक्त ऑक्सिजन किती द्यायचा..."

"कमी देणार?" भावाने फोन कानावरून खाली घेतला.

"कमी किंवा जास्त. दोन्हीपैकी एक."

"मॅडम, पैशांचा प्रश्न असेल तर सांगा, आम्ही कुठूनही आणू."

हे उत्तर मला अपेक्षित होतं, तरी दर वेळी लागतंच. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि संमतीपत्र बाजूला ठेवून दिलं. माझा अनुभव असा, की कागद वाचून दाखवला की लोक मान डोलावतात, आणि गोष्ट सांगितली की प्रश्न विचारतात.

म्हणून मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांपासून सुरुवात केली. १९४०च्या दशकात अशा बाळांना काचेच्या पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन द्यायला लागले. बाळं गुलाबी दिसायची, सगळे खूश. आणि मग हजारो मुलं आंधळी झालेली आढळली. कारण सापडायला बरीच वर्षं गेली. १९५०च्या दशकात काही बाळांना मोजका आणि काहींना भरपूर ऑक्सिजन देऊन पाहिलं, तेव्हा उलगडलं, की डोळ्याच्या पडद्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्यांची वाट त्या जादा ऑक्सिजनने लागत होती.

"म्हणजे कमीच चांगला," पत्नी म्हणाल्या.

"तसंही नाही." आणि इथेच खरी पंचाईत असते. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं सॅच्युरेशन ८५ ते ८९ ठेवलं, तर डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला, पण दगावलेल्या बाळांचं प्रमाण १६.२ वरून १९.९ टक्क्यांवर गेलं. डोळे वाचवताना जीव गेले. मोठ्या माणसांचंही हेच त्रांगडं. २०१६ मध्ये इटलीतल्या एका आयसीयूने सांगितलं, की ऑक्सिजन आवरता ठेवला तर मृत्यू कमी होतात, ११.६ विरुद्ध २०.२ टक्के. २०२० मध्ये फ्रान्समध्ये नेमकं उलटं दिसलं. तिथले रुग्ण ह्या गृहस्थांसारखेच, फुप्फुसं पार बिघडलेले. कमी ऑक्सिजनच्या गटात पाच जणांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला आणि चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तिथे फक्त २०५ रुग्ण होते, त्यामुळे तो योगायोग की खरा धोका, हे सांगता येत नव्हतं. आमच्या चाचणीत त्या अनुभवावरूनच एक अट घातली होती: बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा काहीही असो, धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

पत्नींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला नक्की माहीत असतं, तर मला विचारायला आला असतात का?"

"नसते आले. सरळ दिलं असतं."

"आणि सही नाही केली, तर यांना किती देणार?"

आजवर हा प्रश्न फार थोड्यांनी विचारलाय, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. खरं उत्तर असं, की ड्यूटीवर कोण आहे त्यावर ते ठरतं. आमचे एक सर ९८ खाली दिसलं की बेचैन होतात. मी ९३ वर समाधानी असते. रात्रीच्या सिस्टर कुठल्या, त्यावरही बरंच अवलंबून. म्हणजे चिठ्ठी तशीही उचलली जातेच, फक्त तिची नोंद कुणी ठेवत नाही. मी हे तसंच्या तसं सांगितलं. भाऊ म्हणाला, "वहिनी, उद्या सकाळी बघू." वहिनींनी पेन मागितलं.

संगणकाने कमीचा गट दिला.

भावाचा चेहरा उतरला. मी काहीतरी धीराचं बोलले असेन, आठवत नाही. कारण आतून हाक आली होती, सॅच्युरेशन ८३.

पुढचा पाऊण तास चाचणीबिचाणी कुणाच्या डोक्यात नव्हती. व्हेंटिलेटरच्या हवेतला ऑक्सिजन शंभर टक्के केला, आणि हे चाचणीच्या नियमात बसतं. जीव धोक्यात असेल तर कुठलाही गट तुम्हाला अडवत नाही. छातीत हवा कुठे अडकली नाही ना, नळी सरकली नाही ना, सगळं तपासलं. प्रत्येक श्वासाची हवा आधीच उंचीच्या हिशेबाने मोजून लावलेली होती. व्हेंटिलेटर लावल्यावर आम्ही आधी टेप काढतो, टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतो, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. हा धडा २०००च्या अमेरिकी चाचणीचा: उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे १२ मिली हवा दिलेल्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१. त्याआधी वर्षानुवर्षं मोठमोठे श्वास दिले जात होते, रक्ताचे रिपोर्टही त्याने सुरेख यायचे. रिपोर्ट सुरेख आणि रुग्ण गेलेला, हा आमच्या शाखेचा जुना रोग आहे.

उरलं होतं पालथं घालणं. २०१३ साली मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना सलग सोळा तास किंवा जास्त पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले होते. आयसीयूत इतका मोठा फरक क्वचित दिसतो, आणि त्यासाठी ना औषध लागतं ना नवं यंत्र. माणसं लागतात. रात्री तीच नसतात.

शेजारच्या युनिटमधून दोन वॉर्डबॉय बोलावले. भूलतज्ज्ञ डोक्याशी, दोन्ही हातांत नळी, कारण वळवताना ती निसटली तर सगळंच संपलं. डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवल्या, पोटातलं अन्न ओढून घेतलं, छातीवरचे ईसीजीचे ठिपके काढले. रुग्णावर एक चादर, खाली एक, दोन्हींच्या कडा एकत्र गुंडाळल्या. "एक, दोन, तीन" वर आधी पलंगाच्या कडेला, मग कुशीवर. इथे सगळे क्षणभर थांबतात, नळ्यांवर एक नजर फिरवतात. मग पुन्हा "तीन". छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं. एक हात डोक्याच्या बाजूला वर, दुसरा अंगालगत, तोंड वर केलेल्या हाताकडे. ईसीजीचे ठिपके आता पाठीवर. सॅच्युरेशन ७९ पर्यंत गेलं. कुणीच बोलत नव्हतं. नळीतून घट्ट पिवळा चिकटा निघाला, भरपूर. आणि मग आकडा चढायला लागला. ८५. ८९. तासाभराने ९५.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझी नजर भिंतीवर चिकटवलेल्या चाचणीच्या कागदावर गेली. ९५ म्हणजे मर्यादेच्या वर. ऑक्सिजन कमी करा.

मी बटणाकडे हात नेला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या ना मॅडम. आत्ता कुठे सावरलेत."

त्यांचं चुकलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझ्याही मनात तेच होतं. त्या बाळांच्या गोष्टीतला एक भाग मी बाहेर सांगितला नव्हता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयात ही चाचणी चालू असताना रात्रपाळीच्या नर्सेस कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवायच्या. बाळांचे हाल होताहेत, अशी त्यांची पक्की खात्री होती. ममतेने करत होत्या, आणि त्या ममतेने बाळांचे डोळे धोक्यात येत होते. मी सिस्टरांना हे थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण त्या बाळांना न्यूमोनिया नव्हता." हेही बरोबरच.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला नाही, कारण मधल्या मार्गाने चाचणीचा काहीच उपयोग राहत नाही. दोन्ही गटांना सारखाच ऑक्सिजन मिळाला तर शेवटी फरक नाही असंच दिसणार, आणि आपण सगळ्यांना फसवलेलं असणार. ऑक्सिजन शंभरवरून टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांवर आणला, प्रत्येक टप्प्यावर थांबून. सॅच्युरेशन ९० वर स्थिरावलं. मग धमनीतलं रक्त काढलं, कारण बोटावरच्या यंत्रावर मी अशा वेळी विसंबत नाही. सावळ्या-काळ्या त्वचेच्या रुग्णांत ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून पुन्हा ठळकपणे पुढे आलं होतं. बोटावर ९० आणि रक्तात ८५ असेल तर आम्ही भलत्याच गटात असू. दाब ६३ आला. लॅक्टेट, शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक, १.८, म्हणजे ठीक. लघवी होत होती. सिस्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि तक्त्यावर आकडे भरले. पहाटेपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही. मीच मधे एकदा लावणार होते.

या पलंगाला बाहेरच्या बाजूने काच आहे. पहाटे बघते तर पत्नी काचेपाशी उभ्या. त्यांच्या नवऱ्याच्या मॉनिटरवर ९०, शेजारच्या पलंगावर ९८.

"ते पण चाचणीत आहेत?"

"नाही. त्यांची फुप्फुसं ठीक आहेत, डोक्याला मार आहे."

"मग यांचं नव्वद पुरतं?"

"आत्ता तरी शरीराला पुरतंय. रक्त तपासलंय." लॅक्टेट म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण नजर आकड्यावरून हलली नाही. मॉनिटर नातेवाइकांना दिसू नये असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. पण त्या सकाळी एवढं नक्की वाटलं, की दाखवायचं असेल तर आधी समजावून सांगावं.

गृहस्थ वाचले. पालथं-उताणं बरेचदा झालं, मधे किडनीने दम दिला, गळ्यातून नळी टाकावी लागली. वॉर्डमध्ये गेल्यावर भावाने विचारलं, "म्हणजे कमी ऑक्सिजनचा फायदा झाला ना?" मी म्हटलं, सांगता येत नाही. एका माणसावरून ते कधीच सांगता येत नाही, जास्त मिळाला असता तरी कदाचित वाचलेच असते. तो जरा हिरमुसला. इतकं रामायण घडल्यावर डॉक्टरने निदान श्रेय तरी घ्यावं, असं त्याला वाटलं असावं.

नव्वदाव्या दिवशी चाचणीचा फोन असतो. रुग्ण जिवंत आहे का, चालता येतं का, स्वतःची कामं करता येतात का, दुखतं का, चिंता वाटते का. त्यांनी स्वतः उत्तरं दिली. चालतो, पण जिना दमवतो. मग म्हणाले, "मला पाण्याखाली पालथं दाबून धरलंय असं स्वप्न पडतं, ते यात येतं का?" फॉर्ममध्ये चिंतेच्या रकान्यात पाच पर्याय असतात. पाण्याखालचं काही त्यात बसत नाही. मी त्यांना त्या रात्री आम्ही काय केलं ते सविस्तर सांगितलं, उश्यांसकट. भूल पूर्ण असूनही अशी चित्रं मागे राहतात, बऱ्याच जणांना राहतात. त्यांना आमच्या पाठपुराव्याच्या ओपीडीची वेळ दिली.

फोन ठेवताना पत्नी म्हणाल्या होत्या, "निकाल लागला की कळवा." आमची चाचणी अजून चालू आहे. पण २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ९७ आयसीयूंचा निकाल आला, जवळजवळ साडेसोळा हजार रुग्ण, कमीचा गट आमच्यासारखाच, ८८ ते ९२, आणि दुसरीकडे डॉक्टरांना योग्य वाटेल तसा. नव्वद दिवसांतले मृत्यू ३५.४ आणि ३४.९ टक्के. फरक सापडला नाही. मी फोन केला.

"म्हणजे त्या रात्री मी काचेपाशी नव्वद-एक्याण्णव मोजत उभी होते, ते उगाचच?"

"तसंच काहीसं."

"आणि तुम्ही आत मोजत होतात तेही."

मी सांगायला लागले, की त्या चाचणीत सगळ्या प्रकारचे रुग्ण एकत्र होते, यांच्याइतकी खराब फुप्फुसं असलेल्यांचं उत्तर कदाचित वेगळं येईल, म्हणून आमचं काम अजून... त्यांनी मला मधेच थांबवलं आणि फोन नवऱ्याकडे दिला. त्यांना गुडघ्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं.