एल्फिन्स्टन वंशवृक्ष : तेराव्या लॉर्डची गाठ सुटली

मंडळी, लॉर्ड एल्फिन्स्टन या स्कॉटिश किताबाचा वंशवृक्ष अखेर तेराव्या लॉर्डच्या पुढे सरकला.

वरचा भाग शाईने पक्का केलाय. 1510 मध्ये राजा चौथा जेम्स याने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केलं; तीन वर्षांनी तो फ्लॉडनच्या लढाईत पडला. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत कामी आला. घराण्याचं चिन्ह असलेली ढालही रंगवून झाली: रुपेरी जमिनीवर काळा कोन आणि रानडुकराची तीन लाल मुंडकी. मुंडक्यांची मान ओरबाडून तोडल्यासारखी फाटकी हवी. कड सरळ काढली की चिन्हच बदलतं, म्हणून इथे अगदी बारीक ब्रश घ्या.

आपल्याला जवळची दोन नावं खालच्या फांद्यांवर आहेत. माउंटस्टुअर्ट, 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर, हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. किताब त्याच्याकडे कधीच आला नाही. एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आताचं प्रभादेवी) मात्र त्याच्या पुतण्याच्या नावाचं होतं: जॉन, तेरावा लॉर्ड, 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर. काका-पुतण्यांची इतकी सरमिसळ होते की मी दोघांच्या चौकटींना वेगळे रंग दिलेत.

खरी गाठ या जॉनपाशीच होती. 1707 मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाल्यानंतर स्कॉटिश लॉर्डांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आपोआप जागा नव्हती. ते आपल्यातले सोळा जण निवडून पाठवत. जॉनही तसाच निवडून गेला होता. 1859 मध्ये त्याला युनायटेड किंगडमचं बॅरनपद मिळालं आणि जागा हक्काची झाली. पण हे पद फक्त त्याच्या वंशात चालणार होतं, आणि त्याचं लग्नच झालं नव्हतं. 1860 मध्ये तो वारला आणि बॅरनपद तिथेच संपलं. 1510 चा किताब मात्र पहिल्या लॉर्डपासूनचा, त्यामुळे तो अकराव्या लॉर्डच्या दुसऱ्या मुलाच्या मुलाकडे, म्हणजे जॉनच्या चुलतभावाकडे गेला. हा चुलतभाऊही 1861 मध्ये वारला. मग वारस शोधायला आणखी एक पिढी मागे, दहाव्या लॉर्डच्या धाकट्या मुलाच्या शाखेत जावं लागलं. तिथला विल्यम पंधरावा लॉर्ड झाला आणि 1885 मध्ये त्याला पुन्हा बॅरनपद मिळालं.

नाव तेच असलं तरी 1859 आणि 1885 ही दोन स्वतंत्र पदं आहेत. त्यांना एका रेषेने जोडू नका. मी पहिली रेषा आडव्या दांडीने बंद केली आणि दुसरी विल्यमच्या चौकटीतून नव्याने काढली.

आता बाल्मेरिनो शाखा घेतोय. चौथ्या लॉर्डच्या भावापासून निघालेली ही शाखा सहाव्या लॉर्ड बाल्मेरिनोपाशी थांबते. जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, बाजूने लढला म्हणून 1746 मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला आणि किताब जप्त झाला. वारसाअभावी संपलेला आणि जप्त झालेला किताब वेगळ्या खुणेने दाखवायचा आहे. तुम्ही कोणती खूण वापरता?