थ्रीच्या पुढचा ‘टी’

जून २०१६ मध्ये वनप्लस थ्री भारतात आला तो २७,९९९ रुपयांना. डिसेंबरात त्याच घरातून थ्रीटी आला, २९,९९९ ला. मधे जेमतेम साडेपाच महिने. गणपतीच्या आसपास ज्यांनी थ्री घेतला, त्यांच्या चार्जरवरचं पातळ प्लास्टिक अजून निघायचं होतं, तेवढ्यात फोन ‘जुना’ झाला. म्हणून थ्रीटीबद्दल सगळ्यात तावातावाने बोलले ते त्याचे मालक नव्हेत, थ्रीचे.

बदललं काय? प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८२० चा ८२१ झाला, कमाल वेग २.१५ वरून २.३५ गिगाहर्ट्झ. बॅटरी ३००० ची ३४०० एमएएच, पुढचा कॅमेरा ८ चा १६ मेगापिक्सेल, शिवाय साठवणीसाठी १२८ जीबीचा पर्याय. बाकी अंगकाठी तीच: साडेपाच इंची पडदा, ६ जीबी रॅम, ७.३५ मिलिमीटर जाडी, १५८ ग्रॅम वजन. थोरल्याचं कव्हर धाकट्याला चपखल बसतं.

समीक्षकांनी नाकं मुरडली ती १०८० पिक्सेलच्या पडद्यावर आणि मेमरी कार्डाची जागा नाही यावर. वापरणाऱ्यांच्या तोंडी मात्र दुसरंच: डाव्या कडेची खरखरीत पट्टी. वर सरकवली की फोन गप्प, मधे ठेवली की निवडक लोकांपुरता जागा, खाली आणली की सगळं सुरू. खिशात हात घालून, न बघता, देवळात शिरता शिरता करता येतं. परीक्षणात याला एखादी ओळ मिळते, कारण त्या आठवड्यात समीक्षकाला कोणाच्या बारशाला, कोणाच्या दहाव्याला जावं लागलेलं नसतं.

चार्जिंगचं कौतुक दोन्हीकडून झालं. डॅश चार्जर, म्हणजे कंपनीचा वेगवान चार्जर, ५ व्होल्टला ४ अँपिअर देतो. व्होल्टेज सांभाळण्याचं काम विटेएवढ्या त्या ॲडॉप्टरमध्येच उरकतं, म्हणून तापतो चार्जर, फोन फारसा नाही. मेख केबलमध्ये आहे. एवढा करंट वाहायला जाड तारेची ती लाल केबलच लागते, दुसरी लावली की गाडी पॅसेंजर. वर्षा-दीड वर्षाने लाल केबल असूनही पडद्यावर ‘डॅश’ अक्षरं उमटेनाशी झाली, तर सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी फोनच्या चार्जिंग पोर्टात डोकावून बघा. खिशातली कापसाची धूळ तळाशी दाबून दाबून तिचा नमदा होतो आणि पिन अर्धा मिलिमीटर वर राहते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने उकरा. सुई नको, मधल्या जिभेवरचे संपर्क ओरखडतात.

आता वेगाबद्दल. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना लागतो, तसं इथेही घडलं. २०१७ च्या सुरुवातीला एक्सडीए या फोनवेड्यांच्या संकेतस्थळाच्या मंडळींना संशय आला की थ्रीटी वेग मोजणाऱ्या ॲपना नावाने ओळखतो आणि ती उघडली की प्रोसेसरला ठरावीक वेगाखाली उतरूच देत नाही. मग गीकबेंच हे वेग मोजणारं ॲप बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सने तेच ॲप वेषांतर करून दिलं, नाव ‘बॉब्ज मिनी गोल्फ पट’. गोल्फ म्हटल्यावर फोन निवांत राहिला आणि गुपित फुटलं. कंपनीने चूक मान्य करून ती युक्ती काढून टाकली. गुणांत फरक थोडाच होता, पण समीक्षकाच्या हातातला फोन आणि आपल्या खिशातला फोन एकसारखा वागेलच असं नाही, हे त्यातून कळलं.

थ्रीवाल्यांचा राग विरला तो सॉफ्टवेअरमुळे. २०१६ च्या शेवटच्या दिवशी अँड्रॉइडची नूगा आवृत्ती दोघांनाही मिळाली आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड पायही दोघांना. तोवर बॅटऱ्या थकलेल्या. वाढीव ४०० एमएएच म्हणजे तेरा टक्के, तेवढी घट दोनेक वर्षांच्या रोजच्या चार्जिंगमध्ये सहज होते.

आजही कोणी जुना थ्रीटी विकायला काढला, तर रंगावर जाऊ नका, सोनेरी रंग दोघांतही होता. एक सेल्फी काढा आणि फोटोचे तपशील उघडा. ४६०८ गुणिले ३४५६ दिसलं तर थ्रीटी, ३२६४ गुणिले २४४८ दिसलं तर समोर थ्री आहे आणि भाव खाली आणायला हरकत नाही.